कामाचा व्हिसा म्हणजे नेमका कोणता? नागपुरातून पहिल्यांदा बाहेर जाणाऱ्यांसाठी

मागच्या आठवड्यात आमच्या त्रिमूर्ती नगरातलाच एक पोरगा घरी आला, बुटीबोरीला फिटर आहे, म्हणे दादा दुबईचा व्हिसा आला, आता फक्त सत्तर हजार द्यायचे राहिले. म्हटलं दाखव बरं. मोबाईलवर पीडीएफ होती आणि त्यात वरच ठळक अक्षरात टूरिस्ट लिहिलेलं. मी विचारलं हे काय आहे, तर म्हणतो, "हाव ना, एजंट म्हणे तिथं गेल्यावर बदलून देतात."

हेच वाक्य मला २०१४ मध्ये बर्डीवरच्या एका ऑफिसात ऐकवलं होतं आणि मी गेलो होतो. शारजात एका वर्कशॉपमध्ये ४१ दिवस काम केलं, एका खोलीत बारा जण, आणि पगार मागितला तर मालक म्हणाला तुझा व्हिसा कुठं आहे ते सांग आधी. तक्रार कोणाकडे करणार, व्हिजिटवर काम करत होतो म्हणजे कायद्यानं गुन्हेगार मीच. भाऊजींनी तिकिटाचे पैसे पाठवले तेव्हा परत आलो. दोन वर्षांनी रीतसर एम्प्लॉयमेंट व्हिसावर गेलो आणि सहा वर्षं नीट काढली, म्हणून दोन्ही बाजू माहीत आहेत. नंतर भाचा जर्मनीला गेला, बायकोची चुलतबहीण मिहानमधल्या कंपनीतून अमेरिकेला, त्यांचेही कागद मीच लावून दिले. आता लोक येऊन विचारत राहतात म्हणून एकदाच सगळं लिहून काढतोय. फी आणि पगाराचे आकडे दरवर्षी बदलतात, तेव्हा पैसे भरायच्या दिवशी त्या देशाच्या सरकारी साइटवर एकदा बघाच.

१. आधी पासपोर्ट उघडा, देश नंतर

पासपोर्टच्या आतल्या शेवटच्या पानांवर ईसीआर असा शिक्का आहे का बघा. ईसीआर म्हणजे कामासाठी काही ठरावीक देशांत जायला भारत सरकारची परवानगी लागते. शिक्का नसेल तर तुम्ही ईसीएनआर, म्हणजे ही परवानगी लागत नाही, वेगळा असा काही शिक्का आता येत नाही. दहावी पास असाल तर ईसीएनआर मिळतो. बरेच जण पासपोर्ट काढताना मार्कशीट लावत नाहीत आणि फुकट ईसीआर होऊन बसतात. दहावीची मार्कशीट लावून रिइश्यूला टाका, नागपुरातच होऊन जाते.

ईसीआरवाल्याला परवानगी लागते असे १८ देश आहेत. सौदी, यूएई, कुवेत, कतार, ओमान, बहरीन हे सहा तर आहेतच, शिवाय मलेशिया, थायलंड, इराक, जॉर्डन वगैरे. ही परवानगी, म्हणजे क्लिअरन्स, भारत सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवरून घ्यावा लागतो. लोकांना ही कटकट वाटते पण याच्यात मालकाची नोंद होते, करार नोंदवला जातो आणि प्रवासी भारतीय बीमा योजनेचा १० लाखांचा विमा घ्यावाच लागतो, प्रीमियम दोन वर्षांचा २७५ रुपये. आणि नर्स असाल तर पासपोर्ट ईसीएनआर असला तरी या देशांसाठी क्लिअरन्स लागतो, हे खूप जणींना शेवटच्या आठवड्यात कळते.

अजून एक, आडनावाचा रकाना रिकामा नको. यूएई २०२२ पासून एकच नाव असलेले पासपोर्ट घेत नाही. आमच्या इथं जुन्या पासपोर्टांवर नुसतं नाव असणारे पुष्कळ आहेत.

२. व्हिसा कोणाच्या भरवशावर आहे ते ओळखा

नंबर आणि अक्षरं पाठ करत बसू नका, डोकं फिरते. कोणताही व्हिसा समोर आला की एकच विचारा, उद्या मालकानं काढून टाकलं तर माझं काय होते? उत्तरावरून प्रकार आपोआप कळतो.

मालकाला बांधलेला: नोकरी गेली की व्हिसाही जायच्या मार्गाला लागतो. गल्फचे बहुतेक व्हिसे, अमेरिकेचा एच-१बी, ब्रिटनचा स्किल्ड वर्कर, कॅनडाचा क्लोज्ड वर्क परमिट, सिंगापूरचा एम्प्लॉयमेंट पास, ऑस्ट्रेलियाचा ४८२, सगळे यातच.

कंपनीतल्या कंपनीत बदली: मिहानमधून किंवा पुण्यातून तुमचीच कंपनी तिच्या तिकडच्या ऑफिसात पाठवते. अमेरिकेचा एल-१ हा त्यातला. याच्यावर दुसऱ्या कंपनीत उडी मारता येत नाही.

स्वतःच्या भरवशावर: नोकरी शोधायला किंवा कोणाकडेही करायला मोकळीक. जर्मनीचा शान्सनकार्ट, कॅनडाचा ओपन वर्क परमिट, अमेरिकेत शिकून झाल्यावरचा ओपीटी.

पीआर: हा कामाचा व्हिसाच नाही, कायमचा राहायचा हक्क आहे. कॅनडाची एक्स्प्रेस एंट्री पीआरसाठी असते आणि आपल्याकडचे कन्सल्टंट तिला वर्क व्हिसा म्हणून विकून राहिले आहेत.

व्हिजिट, टूरिस्ट, बिझनेस यातला एकही कामाचा नाही. बिझनेस व्हिसावर मीटिंग करता येते, वेल्डिंग नाही.

३. गल्फ: सगळ्यात जास्त जाणारे आणि सगळ्यात जास्त फसणारे

यूएईचा क्रम असा असतो. कंपनी तुम्हाला कामगार मंत्रालयाच्या फॉर्मॅटमधलं ऑफर लेटर पाठवते, त्यात इंग्रजी-अरबीसोबत हिंदीतही मजकूर मिळू शकतो, मागून घ्या. सही केल्यावर वर्क परमिट मंजूर होतो, मग एम्प्लॉयमेंट एंट्री परमिट येतो, त्यावर तुम्ही विमानात बसता. तिथं मेडिकल, बोटांचे ठसे, एमिरेट्स आयडी आणि मग रेसिडेन्सी, साधारण दोन वर्षांची. ऑफर लेटरमध्ये लिहिलेला बेसिक पगार आणि एजंटनं तोंडी सांगितलेला पगार वेगळे असतील तर लेटरमधलाच खरा धरा. बेसिक कमी आणि अलाउन्स जास्त ही जुनी चलाखी आहे कारण ग्रॅच्युइटी बेसिकवर निघते.

व्हिजिटवर गेलेला माणूस तिथं राहून स्टेटस बदलू शकतो का? हो, कंपनीनं परमिट काढला तर बदलते, म्हणून तर एजंटचं वाक्य अर्धं खरं असते आणि म्हणूनच लोक फसतात. पण परमिट हातात येईपर्यंत एक दिवसही काम केलं तर ते बेकायदेशीर आहे, आणि कंपनीनं काढायचं ठरवलंच नाही तर तुम्ही दंड मोजत बसता.

कुवेतला लोक व्हिसा नंबरानं बोलतात. अठरा नंबर म्हणजे खाजगी कंपनीचा, वीस नंबर म्हणजे घरकामाचा. ड्रायव्हर, स्वयंपाकी, माळी म्हणून वीसवर नेतात आणि सांगतात सहा महिन्यात अठरावर करून देऊ. ते तिथल्या सरकारच्या मनावर असते, तुमच्या एजंटच्या नाही. वीसवर गेलेल्याचा मालक एक घर असते, कंपनी नाही, हे डोक्यात ठेवूनच ठरवा.

सौदीत राहायचा कागद म्हणजे इकामा. व्हिसावर जो धंदा लिहिला तोच तुमचा. इलेक्ट्रिशियनला लोडर म्हणून नेलं तर तो तिथं लोडरच राहतो. माझ्यासोबतच्या एका कामठीच्या माणसाचं असंच झालं होतं, पगार लोडरचा आणि पॅनेलचं काम मात्र त्याच्याकडून करून घ्यायचे. काही धंद्यांसाठी सौदीवाले भारतातच स्किल टेस्ट घेतात, ती पास झाल्याशिवाय व्हिसा लागत नाही, तेव्हा टेस्टशिवाय करून देतो म्हणणारा दिसला की उठून या.

गल्फच्या बऱ्याच देशांसाठी मेडिकल वाफिद नावाच्या सिस्टममधून होते, जुने लोक अजून गामकाच म्हणतात. जुन्या टीबीचा डाग एक्स-रेमध्ये दिसला तरी अनफिट करतात, आज तब्येत कितीही ठणठणीत असो. म्हणून नोकरीचा राजीनामा द्यायच्या आधी इथं कोणत्याही लॅबमध्ये छातीचा एक्स-रे स्वतःच काढून बघा. कामठीच्याच एकानं आधी राजीनामा दिला, मग अनफिट झाला, आणि जुन्या कंपनीनं परत घेतलं नाही.

४. जर्मनी: कागद जास्त, लफडी कमी

डिग्रीवाल्यांसाठी ईयू ब्लू कार्ड. नोकरीची ऑफर, मान्य डिग्री आणि ठरावीक पगार, २०२५ मध्ये साधारण ४८,३०० यूरो वर्षाला, टंचाई असलेल्या कामांना आणि नवीन पास झालेल्यांना त्याहून कमी चालते. पहिली पायरी म्हणजे अनाबिन नावाच्या त्यांच्या यादीत आपलं विद्यापीठ आणि आपली डिग्री बघणं. विद्यापीठासमोर एच प्लस, म्हणजे मान्यतेची खूण, हवं आणि डिग्री वेगळी शोधायची, पुष्कळ जण विद्यापीठ बघून खुश होतात आणि डिग्रीचं विसरतात. नाही सापडली तर तिथल्या झेडएबी कार्यालयाकडून तुलना-पत्र मागवावं लागते. भाच्याचं त्यातच दोनेक महिने गेले.

ब्लू कार्डाची मजा अशी की ए१ इतकी, म्हणजे अगदी सुरुवातीच्या पातळीची, जर्मन येत असेल तर २७ महिन्यांनी आणि बी१ असेल तर २१ महिन्यांनी कायमचा परवाना मागता येतो. म्हणून मी म्हणतो जर्मन इथंच शिकून जा, तिथं नोकरी करून संध्याकाळी क्लासला जायची ताकद राहत नाही.

ऑफर नसेल तर शान्सनकार्ट, जून २०२४ पासून सुरू झाला. वय, भाषा, अनुभव वगैरेचे सहा गुण लागतात, एक वर्ष तिथं राहून नोकरी शोधता येते आणि आठवड्याला २० तास पार्टटाइम करता येते. पण वर्षभराच्या खर्चाचे पैसे ब्लॉक्ड अकाउंटला, म्हणजे दर महिन्याला ठरावीकच रक्कम काढता येते अशा खात्यात, दाखवावे लागतात, महिन्याला अकराशे यूरोच्या आसपास धरून हिशोब करा. हे ऐकून अर्धे लोक घरी जातात, आणि कर्ज काढून जायच्यापेक्षा घरी गेलेलं बरं. हा नोकरीचा व्हिसा नाही, शोधायचा आहे. याच्यावर नोकरीची गॅरंटी कोणीच देऊ शकत नाही.

५. ब्रिटन

स्किल्ड वर्कर व्हिसासाठी मालकाकडे स्पॉन्सर लायसन्स पाहिजे आणि तो तुम्हाला सीओएस, म्हणजे स्पॉन्सरशिपचं सर्टिफिकेट, देतो. सीओएस कागद नाही, एक नंबर असतो, तेव्हा रंगीत सर्टिफिकेट फ्रेम करण्यासारखं कोणी पाठवलं तर तिथंच समजा. लायसन्सवाल्यांची यादी सरकारी साइटवर सगळ्यांना उघडी आहे, कंपनीचं नाव टाकून बघायला दोन मिनिटं लागतात.

२२ जुलै २०२५ पासून इथले नियम एकदम कडक झाले. सर्वसाधारण पगाराची अट ४१,७०० पौंड झाली, काम सहसा डिग्रीच्या दर्जाचं लागते, आणि बाहेरून केअर वर्कर म्हणून नवीन अर्ज बंद झाला. तरीही केअर व्हिसा म्हणून पंधरा-पंधरा लाख मागणारे फिरून राहिले आहेत, जरीपटक्यातल्या एका ओळखीच्या घरी आत्ता दिवाळीत असा माणूस येऊन बसला होता. व्हिसा फी सोडून आरोग्याचा सरचार्ज माणशी वर्षाला १,०३५ पौंड लागतो आणि तो सगळ्या वर्षांचा एकदम आधीच भरायचा असतो. तीन वर्षं, नवरा-बायको, करा गुणाकार. टीबीची टेस्ट त्यांच्या मान्य क्लिनिकमध्येच करायची.

६. अमेरिका

एच-१बी मध्ये वर्षाला ६५ हजार आणि तिथल्या मास्टर्सवाल्यांसाठी आणखी २० हजार जागा. मार्चमध्ये कंपनी नाव नोंदवते, लॉटरीत निवड झाली तर अर्ज, आणि काम १ ऑक्टोबरपासून. तीन वर्षं, वाढवून सहा. सप्टेंबर २०२५ मध्ये बाहेरून येणाऱ्यांच्या नवीन अर्जांवर १ लाख डॉलरची अट आली, त्यामुळे भारतात बसलेल्या माणसासाठी कंपनी आता दहादा विचार करते. आणि हे लक्षात घ्या की अर्ज कंपनीच करते. तुमच्याकडून पैसे घेऊन एच-१बी लावून देतो असा प्रकारच नसतो.

एल-१ ला लॉटरी नाही. मागच्या तीन वर्षांत सलग एक वर्ष त्याच कंपनीच्या बाहेरच्या ऑफिसात काम केलेलं हवं. मॅनेजरसाठी एल-१ए सात वर्षांपर्यंत, खास ज्ञानवाल्यांसाठी एल-१बी पाच. बायकोच्या चुलतबहिणीला दोन्ही पर्याय होते आणि तिनं एल-१ घेतला, कारण सरळ होतं: एल-२ वर गेलेल्या जोडीदाराला लगेच काम करता येते, एच-१बीवाल्याच्या एच-४ वरच्या जोडीदाराला बहुतेक वेळा वर्षानुवर्षं घरी बसावं लागते. तिचा नवरा मेकॅनिकल इंजिनियर, तो घरी बसून काय करणार होता? हा मुद्दा मुलाखतीच्या तयारीत कोणी सांगत नाही आणि संसार मात्र यावरच चालतो.

७. कॅनडा आणि जपान, थोडक्यात

कॅनडात मालकाला स्थानिक माणूस मिळत नाही हे दाखवून एलएमआयए नावाचा सरकारी मंजुरीचा कागद काढावा लागतो, त्याची हजार डॉलर फी मालकानंच भरायची, कामगाराकडून घेणं कायद्यानं बंद आहे. पूर्वी एलएमआयएच्या ऑफरचे एक्स्प्रेस एंट्रीत जादा गुण मिळायचे म्हणून त्याचा बाजार भरला होता, मार्च २०२५ मध्ये ते गुणच काढून टाकले. जुनं रेटकार्ड दाखवणारा एजंट भेटला तर त्याला ही तारीख विचारा.

जपानचा तोकुतेई गिनो म्हणजे कौशल्यवाल्यांचा व्हिसा. भाषेची एन४ च्या पातळीची परीक्षा आणि कामाची परीक्षा पास करावी लागते. पहिला प्रकार सहसा जास्तीत जास्त पाच वर्षं आणि बायको-मुलं नेता येत नाहीत, दुसऱ्या प्रकारात नेता येतात. आयटीआयवाल्या पोरांनी याकडे बघायला हरकत नाही, मेहनत परीक्षेची आहे, पैशाची कमी.

८. कागदांची फाइल

- पासपोर्ट, किमान दोन-तीन वर्षं शिल्लक असलेला, आणि जुना असेल तर तोही
- दहावी, बारावी, आयटीआय किंवा डिप्लोमा, डिग्री, सगळ्या सेमिस्टरच्या मार्कशीट
- अनुभवपत्रं, लेटरहेडवर, कामाचं पद आणि तारखा असलेली, पगाराच्या स्लिपा
- पोलीस क्लिअरन्स, हा पासपोर्ट सेवा पोर्टलवरून काढायचा, फी ५०० रुपये. नोकरीसाठी पोलीस आयुक्तालयातून मिळतो तो वेगळा, तो परदेशी दूतावासाला बहुतेक चालत नाही
- लग्नाचा दाखला आणि मुलांचे जन्मदाखले, महापालिकेचे इंग्रजीतले
- पांढऱ्या पार्श्वभूमीचे फोटो, प्रत्येक देशाचं माप वेगळं

आता अटेस्टेशन, म्हणजे कागद खरा असल्याचे सरकारी शिक्के. डिग्रीवर आधी राज्य सरकारचा शिक्का, मग परराष्ट्र मंत्रालयाचा. सौदी, ओमान, बहरीनला अपोस्टिल, म्हणजे परराष्ट्र मंत्रालयाचाच बाहेर मान्य असलेला शिक्का, चालतो. यूएई, कुवेत, कतारला त्यांच्या दूतावासाचा शिक्काही लागतो. मूळ कागद पाठवावे लागतात आणि काही आठवडे ते तुमच्याजवळ नसतात, तोपर्यंत कलर स्कॅन करून ठेवा.

आणि बाप्पा, डिग्री लॅमिनेट करू नका! आपल्याकडे पदवी मिळाली की बाबा पहिले लॅमिनेशनच्या दुकानात जातात. लॅमिनेशनवर शिक्का बसत नाही. माझी होती तशी, काढायला गेलो तर कोपऱ्यावरची सही अर्धी निघून आली, मग विद्यापीठातून दुय्यम प्रत काढली, चलान, अर्ज, चार चकरा.

९. एजंटची परीक्षा

एजंट असणं वाईट नाही, बिनलायसन्सचा वाईट. ई-मायग्रेटवर नोंदणीकृत भरती एजंटांची यादी आहे, लायसन्स नंबर टाकून बघा, आणि लायसन्स मुंबईच्या पत्त्याचं असून नागपुरात नुसता टेबल टाकून बसलेला माणूस सब-एजंट असतो, त्याला कायद्यात जागा नाही. नोंदणीकृत एजंट जास्तीत जास्त ३० हजार रुपये आणि त्यावर जीएसटी घेऊ शकतो. पैसे बँकेतून द्या, पावती घ्या. कॅश मागितली, पासपोर्ट आधीच ठेवून घेतला, किंवा इमिग्रेशनला विचारलं तर फिरायला चाललो म्हणून सांग असं शिकवलं, यातलं एक जरी झालं तरी उठा. त्या फिटर पोराच्या बाबतीत तिन्ही झालं होतं.

१०. नागपूर-मुंबईच्या चकरा

अमेरिकन आणि जर्मन वकिलात मुंबईत, बायोमेट्रिक किंवा मुलाखतीसाठी सहसा मुंबईला जावं लागते. सकाळची अपॉइंटमेंट असेल तर आदल्या रात्रीच्या गाडीवर भरवसा ठेवू नका. भाचा दुरांतोनं गेला आणि गाडी तीन तास लेट, सीएसएमटीवरून निघाल्यावर टॅक्सीत शर्ट बदलला पोरानं. एक दिवस आधी जा, कोणाकडे तरी मुक्काम करा. मोठी बॅग आत घेत नाहीत, ती मुक्कामावरच ठेवा.

११. उतरल्यावर पहिल्या आठवड्यात

पासपोर्ट मालकाला ठेवायला देऊ नका, यूएईत तो ठेवून घेणं बेकायदेशीर आहे. रेसिडेन्सीच्या कामासाठी घेतला तर किती दिवसात परत ते व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. करारावरचं पद, बेसिक पगार आणि तारखा परत एकदा तपासा, ऑफर लेटरशी जुळत नसतील तर सही करू नका. पगार बँकेतच मागा. अडचण आली तर परराष्ट्र मंत्रालयाचं मदद पोर्टल आहे, आणि यूएईत प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा टोल फ्री ८००-४६३४२ आहे, तो २०१४ ला मला कोणी सांगितला असता तर बरं झालं असतं.

आणि पासपोर्ट, व्हिसा, करार, विमा यांच्या झेरॉक्सचा एक संच घरी ठेवा, कुठं ठेवला ते दोघांना माहीत पाहिजे. माझा संच आईनं उंदरांच्या भीतीनं तांदळाच्या डब्यात टाकला होता, मी तिकडून फोनवर पासपोर्ट नंबर मागतोय आणि घरात तीन दिवस शोधाशोध चालली, शेवटी पाहुणे आले आणि भात जास्त लावायचा होता तेव्हा सापडला.